केंद्रकातला पार

भाग्यश्रीच्या पत्राला प्रेमानंद सरांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. तेरच्या शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेली ही मुलगी आता हैदराबादला पेशींवर संशोधन करत होती. सर फोनवर गोंधळतात हे ठाऊक असल्यामुळे तिनं पत्रच लिहिलं होतं. पेशीच्या केंद्रकात प्रथिनांचे बारीक पुंजके असतात, एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात ते फुटून विखुरतात, आणि तिचं काम त्यांच्यावरच चाललं होतं. शेवटी एवढंच विचारलं होतं, 'सर, यांना मराठीत काय म्हणू? आईला सांगायचंय.'

सरांनी 'केंद्रकपिंड' लिहून खोडलं. 'केंद्रकगोलक' लिहून खोडलं. पुस्तकं धुंडाळली आणि शेवटी आपली ती लायकीच नाही, बहुतेक, असं ठरवून पत्र मिटून ठेवलं.

'बहुतेक' हा शब्द त्यांच्या जिभेवर मुक्कामालाच होता. मुलगी पसंत आहे का, असं विचारल्यावरही ते 'बहुतेक' म्हणाले होते, आणि बायकोनं ते शेवटच्या श्वासापर्यंत ऐकवलं होतं. आयुष्यात ठासून सांगितलेली गोष्ट एकच. उंदरांसाठी आणलेल्या सोमलाच्या पुडीशी पोरं खेळताना दिसली, तेव्हा फळ्यावर मूठ आपटून ते ओरडले होते, "सोमल अंगात गेला की माणूस मेला! यात बहुतेक नाही!" तेव्हापासून नववीचा प्रत्येक वर्ग बाकी सगळं विसरून एवढं मात्र पाठ करून बाहेर पडला.

त्यातलाच एक दिग्विजय. समोरच्या महारुद्रचा मुलगा. महारुद्रच्या अंगावर काळेनिळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त थांबेना, म्हणून त्याला सोलापूरला दवाखान्यात ठेवलं होतं. तिथून सकाळी दिग्विजयचा फोन आला.

"सर, सलाईनच्या बाटलीत आर्सेनिक ट्रायऑक्साइड घालायलेत. म्हंजी काय?"

सरांच्या कानाला घाम फुटला. "सोमल," ते म्हणाले. "बाकीचं नीट वाचून सांगतो." आणि घाईघाईनं फोन ठेवला.

ते खरंच वाचायला बसले. आजार तोच, भाग्यश्रीच्या पत्रातला. औषधही तेच, जगभर वापरलं जाणारं. सरांनी समाधानानं टिपण काढलं, मग शंका आली म्हणून पुन्हा वाचलं, मग पक्की प्रत लिहायला घेतली. ती पुरी होण्याआधीच समोर जीप थांबली. दिग्विजयनं बापाच्या हातातली सुई काढायला लावून, डॉक्टरांशी भांडून, स्वतःच्या जबाबदारीवर सही करून बापाला विषातून सोडवून आणलं होतं.

सर चपला न घालताच धावले. अंगणात खाटेवर महारुद्र पांढराफटक पडला होता. त्याची बायको धुरपदाबाई त्याला वाटीनं तूप पाजत होती.

"विष उतरायलंय सर," ती म्हणाली. "दुसरी वाटी हाय."

"बाई, मी विषानं न्हाय मेलो, तर ह्या तुपानं मरतो," महारुद्र पुटपुटला. त्याच्या दातांना रक्त होतं.

तेवढ्यात योगीराज आला. हाही सरांचाच विद्यार्थी. मोबाइलवर तालुक्याच्या बातम्या चालवायचा. त्यानं माईक सरळ सरांच्या हनुवटीला लावला. "रुग्णाला दिलं विष! ह्ये पहिल्यांदा वळखणारे आपले प्रेमानंद सर! सर, दवाखान्यावर केस करावी का?"

"नको, नको! ते औषध आहे. याला परत न्या. आत्ताच!"

दिग्विजयचा चेहरा लाल झाला. "सर, सकाळी तुमीच सोमल म्हणलाव. वर्गात तुमीच शिकवलं. आता औषध कसं काय झालं?"

टिपण घरीच राहिलं होतं. सरांनी इकडंतिकडं पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी लिंबाखालचा पार दिसला; म्हातारी मंडळी तिथूनच माना लांबवून इकडं बघत होती.

"तो पार बघ," सर म्हणाले. "पेशीच्या आतही तसेच पार असतात. प्रथिनांचे. पोरं कधी मोठी व्हायची, कुणी कधी मरायचं, याच्यावर तिथून नजर असते. तुझ्या बापाच्या रक्तात पार बांधणाऱ्या प्रथिनाला भलतंच प्रथिन चिकटलं. पार फुटला. आता रक्तातली पोरं मोठी होत नाहीत, नुसती वाढत सुटलीत."

"आन् सोमल?"

"सोमल त्या प्रथिनाला धरून पारावर बसवतो. जे चिकटलंय त्याचा निकाल लावतो. मोजून दिला तर."

"फौजदार की," खाटेवरून आवाज आला. "जीप दिसली की समदे गपगुमान पारावर."

सरांना इतकं सोपं कधी सुचलं नसतं.

"मंजी मानूस वाचतो?" योगीराजनं माईक पुढं सरकवला. "शंभर टक्के? हिकडं बघून सांगा."

सरांनी महारुद्रकडं पाहिलं. हो म्हणायला हवं होतं. एक शब्द, आणि जीप निघाली असती.

"बहुतेक," ते म्हणाले.

दिग्विजयनं हात झटकले. योगीराजनं माईक खाली घेतला. सर मान खाली घालून उभे राहिले. आपल्या हातून आता हा माणूस जाणार, एवढंच त्यांना कळत होतं.

धुरपदाबाईनं वाटी खाली ठेवली. "दिग्या, जीप काढ."

"आये, सर बहुतेक म्हणलेत!"

"म्हणूनच. तू धाव्वीला पास होशील का म्हणलं, तर बहुतेक म्हणले. झालास. गाय गाभण हाय का म्हणलं, बहुतेक म्हणले. कालवड झाली. जन्मात एकदाच ठासून बोलले, त्ये सोमलाचं. आन् त्येच आज चुकीचं निघालं. काढ जीप!"

जीप गेली. पुढचे दिवस सरांनी खिडकीशी काढले. उपचारात पडलेल्या खंडानं रक्तस्राव वाढला होता, महारुद्रची शुद्ध हरपली होती, एवढंच कळत होतं. समोरच्या दाराला कुलूप होतं. अंगणात तुपाची वाटी तशीच पडली होती, मुंग्यांनी भरलेली.

मग धुरपदाबाईचा फोन आला. ती रडत होती. सरांनी भिंत धरली.

"सर, रगत थांबलं! डोळं उघडलं! म्या डाक्टरला इचारलं, वाचतील का. तर बहुतेक म्हणले, सर! बहुतेक म्हणले!"

हा शब्द पलीकडून कसा ऐकू येतो, ते सरांना पहिल्यांदाच कळत होतं.

मग त्यांनी पोस्टकार्ड काढलं. 'चि. भाग्यश्री, उशिराबद्दल क्षमस्व. त्यांना पार म्हणावं. आईला कळेल, बहुतेक.' शेवटचा शब्द खोडायला पेन उचललं, आणि तसंच खाली ठेवलं.

पोस्टाच्या पेटीत कार्ड पडलं. पत्ता बरोबर होता का, म्हणून सरांनी मनगटापर्यंत हात आत घातला, पण ते खूप खाली गेलं होतं.