द्राक्षराणीचा पंचनामा

झुंबरनानांचं तोंड असं उघडं राहील, की परत मनमाडला नेताना ते मिटवायला माणूस लावावा लागेल, असं नवनाथ गांगुर्डेनं आईला छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि खरं सांगायचं तर नानांचं तोंड उघडं राहिलंच! फक्त ते ज्या गोष्टीनं उघडं राहिलं, ती नवनाथच्या बेतात कुठंच नव्हती.

आधी बेत काय होता ते ऐका. नाशिकरोड ते मनमाड अशी एक गाडी सुरू झाली होती, नाव द्राक्षराणी. सरकारनं ती एका खासगी कंपनीला चालवायला दिलेली. हौशी पाहुण्यांना मखमली खुर्च्यांवर बसवायचं, काचेतून निफाडचे द्राक्षमळे दाखवायचे, हातात सरबत द्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. कंपनीचं चिन्ह द्राक्षाचा घड. तो पडद्यांवर होता, बश्यांवर होता, चमच्यांच्या दांड्यांवर होता, नळाच्या तोटीवरसुद्धा होता. या गाडीचा गेस्ट मॅनेजर म्हणजे आपला नवनाथ. वाइनच्या रंगाचा कोट, सोनेरी बटणं, डोक्यावर टोपी. रोज सकाळी कोट चढवला की तो स्वतःकडेच जरा आदरानं बघायचा.

आणि झुंबरनाना केदारे कोण? तर मनमाडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले गेटमन. सगळी उमर फाटक उघडण्यात आणि बंद करण्यात गेली, पण ते काम त्यांनी असं केलं की जणू दिल्लीहून कुणीतरी दुर्बिणीतून बघतंय. त्यांची मुलगी चैताली, तिथंच शाळेत शिकवायची. तिला बघायला नवनाथ आणि त्याची आई शकुबाई मनमाडला जाऊन आले होते. गॅलरीत दोघांचं जेमतेम चार वाक्यं बोलणं झालं, आणि घरी आल्यावर नवनाथ दोन दिवस जेवताना मीठ मागायचा आणि मीठ समोरच असायचं. शकुबाईंनी काय ते ओळखलं. लग्न करीन तर हिच्याशीच, नाहीतर राहू दे, असं पोराचं झालं होतं.

पण नानांचा निरोप आला. मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे, पण नोकरी प्रायव्हेट. रेल्वे म्हणजे सरकारची, बाकीचा जत्रेतला पाळणा, असं त्यांचं मत होतं. मनमाडमध्ये हे मत मोडून काढणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. नवनाथनं फोनवर हात जोडले, ते नानांना दिसले नाहीत ही गोष्ट वेगळी. एकदा येऊन गाडी तर बघा, तो म्हणाला, मग नाही म्हणा.

रविवारी द्राक्षराणी नाशिकरोडला बाजूच्या रुळावर उभी असायची. सगळ्यात भारी बोगीत, मखमली खुर्च्यांवर, पोह्यांचा कार्यक्रम ठरला. आता गाडीचं स्वयंपाकघर गेले काही दिवस कुलपात होतं, मोठे साहेब फोन उचलत नव्हते, पण नवनाथनं त्याकडे लक्षच दिलं नाही. प्रेमात पडलेल्या माणसाला पुढचा खांब दिसत नाही, तर कंपनी कुठून दिसणार! पोहे घरूनच आणायचे ठरले. फक्त त्यानं आईला बजावलं, की तो तुझा पोचे पडलेला स्टीलचा डबा आणू नको, लाज जाईल. शकुबाई बरं म्हणाल्या आणि तोच डबा जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून घेऊन आल्या. पोहे गरम राहायचे तर त्यातच राहतात, दुसऱ्या कशात राहत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नवनाथनं डबा गुपचूप खुर्चीखाली सरकवला आणि पोहे चिनी मातीच्या बश्यांत वाढले.

पाहुणे आले. जय भीम झालं, बसणं झालं. नवनाथनं बटण दाबून पडदे उघडून दाखवले, बंद करून दाखवले. खुर्ची फिरवून दाखवली. नाना फिरले, थांबले आणि म्हणाले, "डोकं गरगरतंय." बस, एवढंच. चैताली खाली मान घालून बशीतला शेंगदाणा बाजूला करत होती. कोटाच्या कॉलरमुळे नवनाथची मान वळत नव्हती, त्यामुळे ती हसते आहे की कंटाळली आहे, तेही त्याला नीट कळेना. जीव नुसता टांगणीला लागला होता.

तेवढ्यात बोगीच्या दारात माणसं आली. पुढे एक बाई, साधी सुती साडी, खांद्याला पिशवी. मागे कारकून आणि दोन पोलीस. नवनाथला वाटलं, लागली लॉटरी. सरकारी पाहुणे स्वतःहून चालून आले, तेही नानांच्या देखत! त्यानं फुलदाणीतला गुलाब उपसला, कमरेत वाकला आणि कंपनीनं शिकवलेलं सगळं इंग्रजी स्वागत एका दमात म्हणून दाखवलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, गुलाब घेतला आणि कारकुनाकडे दिला. गुलाबाच्या फितीवर द्राक्षाचा घड होता.

"हाही लिहा," त्या म्हणाल्या.

त्या बोरसे मॅडम होत्या, जप्ती अधिकारी. कंपनीनं पैशांचा भयंकर घोळ घातला होता. सरकारचा हिस्सा भरलाच नव्हता, आणि ज्या बोगीत पोहे चालले होते ती बोगी एकाच वेळी दोन बँकांकडे गहाण होती. मालक परागंदा. करार रद्द, आणि या क्षणापासून गाडी, सामानसुमान, सगळं सरकारच्या ताब्यात. मॅडमनी हे असं सांगितलं, जसं आपण दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर सांगतो.

आणि इथं नानांचं तोंड उघडं राहिलं.

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर कारकुनानं इंजिनाच्या दाराला सुतळी बांधली, मेणबत्तीवर लाख वितळवली, गाठीवर ओतली आणि वर पितळी शिक्का दाबला. झालं. एवढी मोठी गाडी, एवढं लोखंड, आणि ती वीतभर सुतळीनं थांबली! नानांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. गाड्या थांबवायला त्यांनी हयातभर लाल झेंडा हलवला, पण असलं थांबणं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. नवनाथलाही, आपली नोकरी त्याच सुतळीत बांधली गेली हे कळायच्या आधी, क्षणभर अंगावर काटाच आला.

आता जप्ती म्हटली की पंचनामा आला, आणि पंचनाम्याला दोन पंच लागतात, बाहेरचे, सगळं डोळ्यांनी बघून सही करणारे. मॅडमनी नानांकडे बघितलं आणि विचारलं, की या मुलाशी तुमचं काही नातं आहे का.

नाना म्हणाले, "अजून नाय. ठरायचंय."

"म्हणजे नाही. मग तुम्ही एक पंच. आणि ताई, तुम्ही दुसऱ्या," मॅडम चैतालीकडे बघून म्हणाल्या.

अहो, नाना त्या क्षणी तरुण झाले! सरकारनं त्यांना पुन्हा कामावर बोलावलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि मॅडमचा नियम मन लावून ऐकला. नियम सोपा होता. ज्यावर द्राक्षाचा घड, ते कंपनीचं, आणि जे कंपनीचं, ते आता सरकारी ताब्यात. एवढं कळल्यावर नाना जे सुटले ते कुणाच्या बापाला ऐकेनात. पडदे त्यांनी दाखवले, उशा त्यांनी दाखवल्या. आपण बसलो होतो ती खुर्ची उलटी करून खालचा घडसुद्धा त्यांनीच शोधला. मग बश्यांवर नजर गेली. मॅडम म्हणाल्या, बशी जप्त, पोहे नाही, पोहे काढून घ्या. पण काढणार कशात? खुर्चीखालून शकुबाईंचा डबा बाहेर आला, आणि सगळ्यांचे उष्टे-अर्धे पोहे परत त्याच्या पोटात गेले. नवनाथनं डोळे मिटून घेतले.

मिटायला नको होते. कारण उघडले तेव्हा नाना त्याच्या छातीशी नाक लावून उभे होते.

"मॅडम," नाना म्हणाले, "या बटणावर बी घड हाय."

कोट गेला. टाय गेला. टोपी गेली. बुटांच्या बकलांवर घड निघाले, बूट गेले. शर्टाच्या खिशावर घड, शर्ट गेला. प्रत्येक वेळी चैतालीला समोर येऊन वस्तू बघावी लागत होती, कारण पंच होती ती, आणि नवनाथला वाटत होतं, आता याच रुळावर एखादी मालगाडी अंगावर यावी. तेवढ्यात नानांनी पँटच्या मागच्या खिशाजवळ चष्मा नेला. बारीक भरतकाम होतं, त्यांनाच दिसलं. मॅडमनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. पोलीस छत न्याहाळू लागले. चैतालीनं पाठ फिरवली. शेवटी शकुबाईंनी डब्याचं फडकं पुढं केलं, आणि द्राक्षराणीचे गेस्ट मॅनेजर बनियन आणि हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात, अनवाणी, बोगीच्या मधोमध उभे राहिले.

इतकं झाल्यावर संपायला हवं होतं. पण डब्यावरचं फडकं गेलं, तसा डबा उघडा पडला, आणि त्याच्या पोटावर कोरलेला होता द्राक्षाचा घड.

"घड तर हाय," नानांच्या तोंडून निघून गेलं.

कारकुनानं हात पुढे केला. शकुबाई सकाळपासून गप्प होत्या. पोराची नोकरी गेली, कपडे गेले, सोयरीक गेली, तरी बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

"ह्यो माझ्या मामानं दिलाय," त्या म्हणाल्या. "ह्यो मी देणार नाय."

नाना हात चोळत उभे. त्यांना वाईट वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं, पण नियम नियम होता आणि समोर सरकार होतं. फाटक एकदा पडलं की ते कलेक्टरसाठीसुद्धा उघडलं नव्हतं त्यांनी. तेव्हा चैताली पुढे झाली. ती शकुबाईंच्या समोर उकिडवी बसली आणि त्यांचा अंगठा हलकेच बाजूला केला.

"मॅडम, घडाखाली नाव आहे," ती म्हणाली. "'शकू हिस लग्नानिमित्त मामाकडून, निफाड.' ही कंपनी जन्मायच्या आधीचा डबा आहे. हा पंचनाम्यात आला तर मी सही करणार नाही."

नानांनी आधी लेकीकडे बघितलं, मग मॅडमकडे, मग पुन्हा लेकीकडे. सरकारला नाही म्हणणारं माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितलं, आणि ते त्यांच्याच घरचं निघालं. मॅडम खाली वाकल्या. कोरलेलं नाव त्यांनी बोट फिरवून वाचलं आणि म्हणाल्या, की बरोबर आहे, ज्यावर नाव, ते त्याचं. मग त्यांनी विचारलं, पोहे उरलेत का, सकाळपासून काही खाल्लेलं नाही. चमचे तर जप्त झाले होते. सरकार, पोलीस, पंच आणि आरोपीसारखा दिसणारा नवनाथ, सगळ्यांनी त्याच डब्यातून हातानं खाल्लं, आणि पोहे खरंच अजून गरम होते.

खाता खाता चैतालीनं नवनाथला विचारलं, की या एवढ्या गाडीत तुमचं स्वतःचं असं काय आहे.

नवनाथनं इकडेतिकडे बघितलं. "हा डबा," तो म्हणाला. "तोही आईचा. आणि सकाळी मीच तिला आणू नको म्हटलं होतं."

चैताली हसली. मोकळं, दात दिसतील असं. कॉलर गेल्यामुळे नवनाथची मान आता वळत होती, आणि त्याला ते सगळं नीट दिसलं.

नानांचं मात्र एक काम राहिलं होतं. सही करण्याआधी त्यांनी मॅडमना हळूच विचारलं, की सामानाचं कळलं, पण या पोराचं काय. मॅडम म्हणाल्या, की कर्मचाऱ्यांची चूक नाही, गाडी पुन्हा सुरू करायला माणसं लागतीलच, तोवर सगळे सरकारी प्रशासकाच्या हाताखाली. नानांनी पुढचं ऐकलंच नाही. सरकारनं एवढं सगळं तपासून, उलटंपालटं करून, पोरगा ठेवून घेतला होता! त्यांनी पेन टेकवलं, सही केली आणि शकुबाईंना म्हणाले, "विहीणबाई, तारीख काढा."

लग्न झालं. कोट अजून सरकारी गोदामात आहे, गाडी सुतळीला बांधलेली आहे, आणि नवनाथ रोज प्रशासकाच्या कार्यालयात जाऊन त्या सुतळीची देखभाल करतो. नानांनी जावयाला मनमाडहून भांडी पाठवली, त्यातल्या प्रत्येकावर नाव कोरलेलं. घड्याळाच्या मागे नाव. बुटांच्या आत नाव. पट्ट्याच्या बकलावर नाव. पुन्हा कधी पंचनामा झाला तर जावई तरी कपड्यांत राहावा, एवढीच त्यांची इच्छा.

चैतालीनं एवढ्यावर भागवलं नाही. परवा तिनं नवनाथला बाजारातल्या गोंदणवाल्याकडे नेलं, आणि आता त्याच्या मनगटावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं आहे, "चैताली हिचा." तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. पण ऑफिसात पेन उचललं की बाही वर सरकतेच, आणि बोरसे मॅडम ते वाचून मान डोलावतात, नोंद बरोबर आहे म्हणून.