थूलकाका आणि शेळ्यांची टेकडी

थूलकाका घरी आले की आधी आमच्या ओट्याची उंची सांगायचे, जयभीम मग.

"तुमचा ओटा माह्या ओट्याहून दोन मीटर खाली हाय."

"काका, काल तर आम्ही वर होतो!" बायको म्हणायची.

"काल आभाळ होतं," म्हणत ते हातातलं जीपीएस यंत्र झटकायचे.

मोजणी खात्यातून रिटायर झालेले थूलकाका हिंगणघाटात आमचे शेजारी. कोणी काहीही म्हणो, यांचा सवाल ठरलेला, "मोजलं काय?" मी एकदा डोकं लय दुखतं म्हणालो, तरी तेच! दुसरा शौक स्वतःच्या नावाचा. छत्री, डबा, सायकलचं मडगार्ड, सगळीकडे ऑइलपेंटनं नाव रंगवलेलं.

गिरडच्या वाटेवर शेळ्यांची टेकडी आहे. तिथं पुराणं गाव होतं, हे काकांचं जन्माचं पालुपद. लोक हसायचे. दोन हजार तीन-चारच्या सुमारास नागपूरहून एक संशोधक मॅडम आल्या. खापरं कुठं कुठं सापडतात ते नकाशावर दाखवा, मग गाव मानू, असं म्हणून त्यांनी ते यंत्र काकांच्या हाती दिलं. झालं! रविवारी काका टेकडीवर आणि सोमवारी माझ्या कॉम्प्युटरच्या खुर्चीत. मी स्टुलावर. खापर सापडलं त्या जागेचे आकडे ते वाचणार, मी टाकणार. जराशी शंका आली की म्हणायचे, "खोड तो. फुकटचं गाव नाई पायजे मले."

दोन हिवाळे असे गेले. एका सोमवारी पडद्यावरचे ठिपके जुळून आले. मधे घरांची दाटी, काठानं तटाची ओळ, एका बाजूला गोल रिकामी जागा. "ते तळं," काका हळूच म्हणाले. बाप्पा! माझ्या अंगावर काटा आला. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यानं अख्खं गाव उभं केलं होतं! मॅडमनीही मानलं.

मग त्यांचा फॉर्म आला. 'हे स्थळ प्रथम कोणाला आढळलं?' न विचारताच मी काकांचं नाव टाईप करायला घेतलं.

"काऊन घाई करून राह्यला?" काका ओरडले. "खोड. मायचं टाक. सखूबाई."

"त्यांना काय ठाऊक होतं, काका?"

"लोकायच्या शेळ्या चारे माय तिथं. मी खेळण्यासाठी रडलो, तं तिनं एक खापर देल्लं. म्हणे, जपून ठेव बाबू, कोणाच्या तरी घरचं हाय." काकांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "मले मोजल्यावर समजलं. तिले पाह्यल्याबरोबर समजलं."

छापील नकाशा आला. खाली सखूबाईंचं नाव, काकांचं कुठंच नाही. त्यांनी त्या नावावर बोट ठेवलं.

"तीस वर्षं लोकायच्या जमिनी मोजल्या. मायचं नाव एकाही सातबाऱ्यावर नव्हतं. आता पहा."

चष्मा पुसत उठले आणि गेले. ओट्याची उंची सांगायची त्या दिवशी राहूनच गेली.