अकरा घरांची कॉफी

देचम्माची धाव झाली, लांब उडी झाली, लेखी परीक्षाही झाली. उरली होती फक्त वैद्यकीय तपासणी. लष्करी पोलिसांत शिरायची ही तिची शेवटची संधी. पुढच्या महिन्यात वय उलटणार होतं. म्हणून म्हैसूरला निघण्याआधी तिचे अज्जा, म्हणजे आजोबा, निवृत्त सुभेदार चेंगप्पा, तिला पहाटेच गावात पाया पडायला घेऊन गेले.

कोडगूतल्या, म्हणजे कूर्गमधल्या, त्या गावात वडीलधारा म्हणजे माजी सैनिक, आणि त्याच्या पाया पडून गुळाची काळी कॉफी न घेता उठणं म्हणजे अपमान. त्यातून कर्नलकडे घेतली आणि हवालदाराकडे नको म्हटलं, तर हुद्दा बघून प्यायल्यासारखं दिसतं. अशी घरं झाली अकरा.

म्हैसूरच्या लष्करी दवाखान्यात मेजर डॉक्टरीणबाईंनी देचम्माच्या दंडाला पट्टा बांधला आणि भुवया चढवल्या.

“एकशे अठ्ठावन्न! रक्तदाब आहे तुला?”

“नाही मॅडम, कॉफी आहे. अकरा कप.”

“एकालाही नाही म्हणता आलं नाही?”

“नवव्या घरी पेम्मय्यामामा होते, मॅडम. त्यांचा एक पाय सीमेवर राहिलाय. कुबडी टेकत स्वतः चुलीपाशी गेले. त्यांना कुठल्या तोंडानं नको म्हणू?”

बाईंनी दंडावरचा पट्टा सोडला. मग म्हणाल्या, “तिथे आडवी पड. दोन तासांनी पुन्हा बघते. तेव्हाही उतरला नाही तर अपात्र लिहीन. पेम्मय्यामामांच्या नावावर सूट नाही मिळायची.”

दाराबाहेर अज्जांचे कान टवकारलेले होतेच. ते ताडताड आत आले.

“कॉफीनं कुणी आजारी पडतं का? आमच्या वेळी डॉक्टर छातीवर टकटक करायचा. आतून आवाज आला की पास!”

“तुम्ही किती घेतलीत, सुभेदारसाहेब?”

“हिच्याबरोबरीनं अकरा. शिवाय घरची माझी नेहमीची दोन.”

“बसा. हात पुढे करा.”

दोन तासांनी देचम्माचा आकडा निघाला एकशे अठरा. बाईंनी ‘पात्र’ लिहून सही ठोकली. देचम्मा कागद छातीशी धरून बाहेर धावली, तर बाकावर नुसतीच अज्जांची टोपी. अज्जा सापडले वॉर्डात, चार नंबरच्या खाटेवर, दवाखान्याच्या ढगळ सदऱ्यात. त्यांचा आकडा दोनशेच्या वर गेला होता; दोन दिवस हलायचं नाही असा हुकूम होता.

कागद वाचून त्यांनी डोळे पुसले. मग हळूच म्हणाले, “पोरी, गावात काय सांगशील गं?”

“खरं तेच सांगेन. आपण दोघं भरती झालो.”

सुभेदारांनी विचार केला.

“सांग. पण तुझं नाव आधी घे.”