दोन निळ्या पिशव्या

पीयुनताईंच्या अंगाची लाही लाही होत होती. सकाळीच डॉक्टर श्यूंनी रक्तदाब मोजून बजावलं होतं, "आठवडाभर सभा नाही, मोर्चा नाही, आरडाओरडा तर नाहीच नाही." तेव्हापासून वड बचाव समितीच्या अकरा जणांचे फोन येऊन गेले होते. प्रत्येक जण आधी "तब्येतीला जपा" म्हणे आणि लगेच काम सांगे.

बारावा फोन अध्यक्षांचा, को मास्तरांचा. "पीयुनताई, अगदी पडून राहा. आधी तब्येत, मग वड."

"पडलेच आहे."

"फक्त सह्यांचे कागद लावून ठेवा. उद्या दहाला पालिकेच्या कचेरीत द्यायचेत. आणि भाषण तुमचंच हं."

"का? तुम्हाला तोंड नाही?"

"आहे की. पण तुमच्यासारखं कुणाला जमतंय?"

असं लोणी लावून हा माणूस त्यांना तीन वर्षं राबवत होता. उद्या सह्या पोचल्या नाहीत, तर परवा बागेतला वड तुटणार आणि तिथे मोटारी उभ्या राहणार. हे ठाऊक असूनही एकाचा पाय घराबाहेर पडत नव्हता. पीयुनताईंनी फोन गादीवर आपटला, सह्यांचे कागद एका पिशवीत कोंबले आणि ती दाराशी ठेवली.

लेक यूछिंग रात्रपाळीला निघाली होती. "आई, दाराशी पिशवी ठेवलीये. उद्या सकाळी गरम झऱ्यावर जायचं म्हणजे जायचं."

"उद्या दहाला मला..."

"उद्या-बिद्या काही नाही. तू मेलीस तर माझ्या लग्नाला काय तो वड येणारे?"

पीयुनताईंनी ते अर्धवटच ऐकलं. त्या मनातल्या मनात मास्तरांना शिव्या घालत होत्या. तेवढ्यात खाली कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजलं. तैपेईत गाडी थांब्यावर काही मिनिटंच उभी राहते आणि कचरा ज्याचा त्यानेच आणून टाकायचा. पालिकेची निळी पिशवी त्यासाठी सक्तीची, आणि दुकानदार सामानही त्याच पिशवीत देतो. पीयुनताईंनी दाराशी हाताला लागल्या त्या दोन पिशव्या उचलल्या, सपाता घालून धावल्या आणि सगळा राग काढत दोन्ही गाडीत भिरकावल्या.

गाडी हलली तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कचऱ्याची पिशवी तर एकच होती! दुसरीत सह्या होत्या. तीनशे बारा.

"थांबव मेल्या!"

पुढच्या गल्लीत गाडी सापडली. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, आत सगळं दाबलं गेलं. आता देवही बाहेर यायचा नाही."

पीयुनताईंचा बांध फुटला. भोवती तीसेक माणसं पिशव्या घेऊन उभी होती. "बघता काय? उन्हाळ्यात वडाखाली पंखे हलवत बसता ना? तो तोडायला निघालेत! मी एकटीने किती मरायचं? करा सह्या!"

या गल्लीत समितीचं कुणी कधी फिरकलंच नव्हतं. लोकांनी घाबरून सह्या केल्या, रद्दीतल्या कॅलेंडरच्या पाठीवर. गाडी पुढे गेली, मागोमाग पीयुनताई. प्रत्येक थांब्यावर गर्दी आयती उभी. चौथ्या थांब्यावर अर्ध्या चड्डीत, हातात पिशवी घेऊन डॉक्टर श्यू.

"पीयुनताई! मी काय सांगितलं होतं?"

"आधी सही करा, मग ओरडा."

डॉक्टरांनी एका हाताने सही केली आणि दुसऱ्याने त्यांची नाडी धरली.

साडेतीनशे सह्या घेऊन त्या लंगडत घरी आल्या. दार उघडलं तर दाराशी निळी पिशवी. आत तीनशे बारा सह्या, घडीसुद्धा न मोडलेल्या.

मग गाडीत गेलं ते काय? लेकीने दाराशी ठेवलेली पिशवी: पोहायचा पोशाख, टोपी आणि झऱ्याचं तिकीट. दिवसभर त्या ज्याच्या त्याच्यावर चिडल्या होत्या की मला कुणी विश्रांती घेऊ देत नाही. आणि ती विश्रांती त्यांनी स्वतःच्या हाताने कचऱ्यात फेकली होती. त्यांना स्वतःचाच इतका राग आला की त्या तिथेच, सपाता न काढता, मटकन बसल्या.

थोड्या वेळाने त्यांनी फोन लावला. "मास्तर, सह्या दुपटीवर गेल्यात."

"वा वा! मग उद्या भाषणात..."

"भाषण तुम्ही करायचं. आत्ता येऊन पिशवी न्या. आणि येताना बायकांचा पोहायचा पोशाख घेऊन या, मोठ्या मापाचा. टोपीसकट."

"मी? पोशाख? पीयुनताई, दुकानात लोक काय म्हणतील?"

"आधी तब्येत, मग वड," पीयुनताई म्हणाल्या. "निळा नको. निळ्याने डोकं उठलंय."