सहा ट्यूब की चार?

बेस गिटारचा एक ॲम्प्लिफायर घरात असताना मी दुसरा आणला, तो निव्वळ तुलनेसाठी. (हे कारण दुकानात फार पटलं होतं. घरी बायकोसमोर सांगताना तितकं पटेना.) दोन्ही एकाच कंपनीची भावंडं. तोच काळा डबा, तीच बटणं. फरक पोटात. जुन्यात सहा लहान पॉवर ट्यूब, नव्यात चार दांडग्या. ट्यूब म्हणजे काचेच्या नळ्या. त्या तापल्या की गिटारच्या किरकोळ आवाजात स्पीकर हलवण्याचं बळ येतं.

"हॉलमध्ये एकच राहील," बायकोने निकाल दिला. "दुसरा माझ्या भावाला. तोही वाजवतो."

मेहुणा रविवारी गाडी घेऊनच आला. वर म्हणतो कसा, "दाजी, दोन्ही सारखेच तर वाजतात."

सारखेच! ऑफिसच्या बँडमध्ये माझ्या कानाला मान आहे. कुणाची तार उतरली की सगळे माझ्याकडे बघतात. (बहुतेक वेळा ती माझीच असते, पण ओळखतो मीच ना!) मी बायकोची ओढणी डोळ्यांवर घट्ट बांधली.

"तू वाजव. मला न सांगता डबा बदलत राहा. एकदा जरी चुकलो, तर दोन्ही तुझे."

त्याने वाजवलं. "सहा!" डबा बदलला. "चार!" पुन्हा वाजवलं. "परत चारच. फसवतोस काय?" एकही चूक नाही. माझी छाती अशी फुगली की ओढणी सोडायचंही सुचेना.

"अरे, सहा ट्यूबांच्या सुरात एक थरथर असते," मी समजावलं. "सुराला काळीज असावं तशी. ती ऐकायला साधना लागते."

"ती थरथर होय?" स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली. "मला वाटलं, पातेल्यावरचं झाकण वाजतंय."

ती लाकडी चमचा घेऊन आली. मी ओढणी कपाळावर सरकवली. जुन्या डब्यामागे वाकून तिने एकेका ट्यूबला हलकेच टकटक केलं. चौथीला स्पीकर खडखडला. मेहुण्याने डबा बंद केला, गार होऊ दिला आणि ती ट्यूब फडक्यात धरून खाचेत नीट दाबून बसवली. मी बँडभर ज्या काळजाचं कौतुक सांगत फिरलो, ते नुसतं ढिलं होतं.

"आता ओळखा," मेहुणा म्हणाला.

"कधीही!" मी ओढणी पुन्हा खाली ओढली. (माघार घेणं आमच्या घराण्यात नाही. घ्यायला हवी होती.)

मी कान टवकारले. मग आला तो खोल, गोल, संथ आवाज. माझ्या अंगावर काटा आला.

"चार! हा भरदार खर्ज ऐक. चार दांडग्या ट्यूबांशिवाय हा निघणंच शक्य नाही. लिहून देतो!"



"दाजी," मेहुणा हळूच म्हणाला, "मी अजून वाजवलंच नाही. फ्रीज सुरू झालाय."

दोन्ही डबे गाडीपर्यंत मीच उचलून नेले. (चार ट्यूबांचा जास्त जड होता. तेवढा फरक मात्र बिनचूक कळला.) मेहुणा गाडी सुरू करणार, तेवढ्यात बायको गॅलरीतून ओरडली,

"फ्रीज मागितलास तर देणार नाही हं! ह्यांना आवाज आवडलाय त्याचा."