मामांसमोर 'काय होतंय' म्हणायचं नाही

पिंगळीजवळच्या आमच्या मळ्यावर कुणीही यावं, पत्ते कुटावेत, बेसूर गावं, सासूबद्दल काय वाटेल ते बोलावं. आमची ना नाही. दोन शब्द मात्र तोंडातून काढायचे नाहीत. 'काय होतंय!' काढले, की सदामामा हातातला पाना खाली ठेवतात, साबणानं हात धुतात आणि सरळ घरी जातात. मग तुम्ही बसा बोंबलत.

मळ्याचा मालक मी, आणि या नियमानं सगळ्यात जास्त वेळा तोंडावर पडलोय तोही मीच.

थंडीत आमच्याकडं हुरडा खायला परभणीहून लोक येतात. खातात, आणि मग पोटावर हात फिरवत नुसते बसून राहतात. त्यांना काहीतरी उद्योग पाहिजे म्हणून मी पेंटबॉल सुरू केलं. रंगाच्या गोळ्यांची बंदूक घ्यायची, कडब्याच्या गंजीमागं लपायचं आणि आपल्याच साहेबाला निळापिवळा करून टाकायचा. लोक लय खूश होतात, साहेब सोडून. या बंदुकीतली गोळी उडते ती दाबलेल्या हवेवर, आणि ती हवा असते बंदुकीला जोडलेल्या बाटलीएवढ्या टाकीत. हैदराबादला एकाचा खेळ बंद पडला, त्याच्या तेरा जुन्या टाक्या मी उचलून आणल्या.

टाक्या सांभाळायला सदामामा. आईचे चुलतभाऊ. जन्मभर फाट्यावर ट्रकच्या टायरांचं पंक्चर काढलेला माणूस. मी म्हणालो, "मामा, हवेतलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

"कुणालाच कळत न्हाई," मामा म्हणाले. "म्हणून तर तिला भ्यायचं असतं."

आणि भितात म्हणजे काय, व्वा! प्रत्येक टाकीवर तपासणीची तारीख ठोकलेली असते. ठरलेली वर्षं भरली, की पुन्हा तपासल्याशिवाय तिच्यात हवा भरायची नाही. मला माझ्या लग्नाची तारीख बायको आठवण करून देते तेव्हा आठवते. मामांना सगळ्या टाक्यांच्या तारखा तोंडपाठ. हवा भरताना हाताची उलटी बाजू टाकीला लावून बसतात. जरा कोमट लागली, की "दमानं, दमानं" म्हणत भरणं थांबवतात. मग साबणाचा फेस लावून बुडबुडा येतोय का ते चष्मा वर करून बघतात. तेलाचा हात तर जवळपाससुद्धा चालत नाही, कारण एवढ्या दाबाखाली तेल पेट घेऊ शकतं. एकदा डोक्याला चमेलीचं तेल चोपडून एक पुढारी टाकी हातात घ्यायला आले, तर मामांनी त्यांना बोअरवर नेऊन डोकं धुवायला लावलं. पुढाऱ्यांनी धुतलंही! मामांचा आवाजच तसा आहे.

हे वेड मळ्यापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. कुणाकडं वास्तुशांतीला गेले तरी देवाच्या आधी गॅसच्या नळीला हात लावतात. माझ्या बायकोला कुकरची रिंग तीनदा बदलायला लावली. "सूनबाई, शिट्टी उशिरा व्हायलीय," एवढं बाहेरच्या खोलीतून ऐकून सांगतात. ती कपाळावर हात मारते, पण रिंग बदलते.

टाक्यांची मोठी तपासणी हैदराबादला होते. तिथं टाकीत पाणी भरून दाब देतात. "हवेनं का नाही तपासत?" मी विचारलं. मामांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "हवा फुटली तर घर घेऊन जाईल. पाणी फुटलं तर धोतर भिजंल. एवढंच." रिकाम्या टाक्या ते वाकळेत गुंडाळून आणि त्यांचे व्हॉल्व्ह जेवणाच्या डब्यात घालून स्वतः रेल्वेनं नेतात. एकदा गाडीत पोलिसानं वाकळ उघडायला लावली. एवढ्या टाक्या बघून त्याचा चेहराच पडला. मामांनी त्याला खाली बसवून सगळं समजावलं, आणि सिकंदराबाद येईपर्यंत त्याच्या घरच्या सिलेंडरची नळी किती वर्षांची आहे तेही काढून घेतलं. त्या खेपेला एक टाकी नापास झाली. घरी आल्या आल्या मामांनी तिला ड्रिलनं भोक पाडलं. चुकूनसुद्धा कुणी भरायला नको.

तर राहिल्या बारा. आणि गेल्या थंडीत एका बँकेची मंडळी रविवारी येणार होती. पहिलंच एवढं मोठं गिऱ्हाईक. ते खूश झाले तर हंगाम तरला, नाहीतर मळ्यावर मी आणि हुरडा दोघंच. शनिवारी सकाळी पाहतो, तर मामांनी चार टाक्या बाजूला काढलेल्या.

"तारीख उलटली."

"कधी?"

"महिना झाला."

"महिनाच ना मामा? एक दिवस भरा की. काय होतंय!"

जीभ चावली, पण गेलेला शब्द परत येतो होय? पाना खाली. साबण. हात धुणं. मामा निघाले, आणि जाताना हवा भरायच्या नळीचं पितळी तोंड खिशात घालून घेऊन गेले. आता चार काय, एकही टाकी भरता येईना.

दुपारभर मी चरफडलो. शेवटी दिवस मावळायच्या आत त्यांच्या घरी गेलो. मामा गिरणीवर दळण आणायला गेले होते. ओसरीवर मामी शेंगा फोडत बसल्या होत्या. मामींना डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून उजवीकडं बसून मी माझं रडगाणं गायलो. मामी हसायला लागल्या.

"तू ते बोललास व्हय? अरे, ते बोलणं त्यांचंच हाय."

"म्हणजे?"

"दुकानात एकदा ट्रकच्या चाकात हवा भरायले होते. चाकाची लोखंडी रिंग बराबर बसली नव्हती. मी डबा घेऊन गेले व्हते, मला दिसली. म्हणलं, जरा बघा की वो. तर म्हणले, काय होतंय!" मामींनी शेंग फोडली. "रिंग उडाली, पत्रा फाडून गेली. आमाला खरचटलंबी न्हाई. पण तो आवाज माझ्या ह्या कानात गेला, तो गेलाच."

मला फार वाईट वाटलं. मामी मात्र मजेत.

"तवापासून ते शब्द त्यांनी तोंडातून काढले न्हाईत बघ. खामखा फिकीर करतेत. मला म्हणशील तर एक कान बास हाय. ह्यांचं बोलणं निम्मं ऐकलं तरी संसार होतोय."

तेवढ्यात मामा दळण घेऊन आले. मी उठून म्हणालो, "मामा, आठच भरा."

त्यांनी पिठाचा डबा ठेवला, खिशातून ते पितळी तोंड काढून उजेडात धरलं आणि आतून साफ आहे का ते पाहिलं. "सकाळी सहाला येतो. तेल लावून येऊ नको."

रविवारी बँकेची मंडळी आली. आठ-आठ जण पाळीनं खेळले, बाकीचे हुरडा खात बसले. ज्यांची पाळी आली त्यांना आगटीजवळून उठवावं लागत होतं! चार टाक्या कमी आहेत हे कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. मीच आदल्या दिवशी उगाच जीव काढला होता.

आगटीवर मामी कणसं भाजत होत्या. पहिला डाव सुरू व्हायच्या जरा आधी मामा टाक्यांजवळून उठले. मला वाटलं, काहीतरी चुकलं. पण ते जाऊन मामींच्या उजव्या बाजूला बसले आणि शिट्टी वाजताच त्यांनी आपला पंजा मामींच्या त्या चांगल्या कानावर घट्ट धरला. गंजीमागून फट्‌फट् सुरू झालं.

मामी लाजून लालेलाल. "सोडा वो! लोकं बघायलेत. काय होतंय!"

मी मामांकडं पाहिलं. मामा उठले नाहीत, घरी निघाले नाहीत. हात होता तिथंच होता.

"काय होत न्हाई," मामा हळूच म्हणाले.

मामींना ते अर्थातच ऐकू गेलं नाही.