बरणीतली अब्रू

कौशल्याबाईंनी बरणी घासून, पुसून ओट्यावर पालथी घातली होती. उत्तराने ती उचलून आत पाहिलं. घासण्याच्या जोरात एका बाजूचा काळा रंगसुद्धा निघाला होता.

"काकू, यात पाणी होतं ना?"

"होतं ना वं. खराब दिसून राह्यलं होतं, म्हणून फेकलं. अन् त्या फडक्याले काहीतरी काळं काळं चिकटलं होतं. ब्रशनं घासलं, तवा कुठं निघालं."

"ती डासांची अंडी होती. तीच मोजायला मी येते."

कौशल्याबाईंनी शेजारच्या भिंतीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हळू बोल. सिंधूताई आंगणातच हाय."

उत्तरा प्राणिशास्त्रात पीएच.डी. करत होती. विषय होता डेंग्यूच्या डासांची वस्तीतली पैदास. त्यासाठी तिने मानेवाड्याच्या पुढच्या मनोरम लेआउट या वसाहतीत घरोघरी एकेक काळी बरणी ठेवली होती. बरणीत निम्मं पाणी आणि आतल्या कडेला जाड फडक्याची पट्टी. डासाची मादी अंधाऱ्या, ओल्या जागी येते आणि पाण्याच्या जरा वर, पट्टीवर, अंडी चिकटवून जाते. दर शनिवारी पट्ट्या न्यायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायची, बरणीत ताजं पाणी भरायचं. यात रहिवाशांनी काहीही करायचं नव्हतं. तेवढंच ते करत नव्हते.

सिंधूताईंनी बरणीत मनीप्लांट लावला होता. "रिकामीच पडली होती मॅडम, बरी नाही दिसत." लेआउटच्या समितीचे अध्यक्ष नत्थूजी कळमन्याच्या बाजारात धान्याची अडत करत. त्यांनी बरणीत गोदामातली किडे मारायची पावडर टाकली होती आणि ते उत्तराची वाटच पाहत होते.

"एक मच्छर येऊ देला नाही म्या," ते म्हणाले. "लिहून घ्या."

"काका, आले असते तर बरं झालं असतं."

"काहून?"

या प्रश्नाचं उत्तर उत्तराने जूनपासून बरेचदा दिलं होतं. पट्ट्या कोऱ्या आल्या तर या लेआउटमध्ये डास नाहीत असा अर्थ निघतो, आणि डास तर संध्याकाळी दारात उभं राहू देत नव्हते. तिचे मार्गदर्शक डॉ. मार्तंड देवतळे यांनी सांगून ठेवलं होतं की ऑगस्टअखेर ते स्वतः येऊन पाहतील. तोवर काही हाताला लागलं नाही, तर तिच्या कामाला मुदतवाढ मिळणार नव्हती, म्हणजे पीएच.डी. तिथेच संपणार होती. सर हे रागावून बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते चहा ढवळत बोलले होते.

खरी अडचण तिला एव्हाना कळली होती. ज्या घरी अंडी सापडली, त्या घरची बाई दिवसभर कोणाशी बोलत नसे. अंडी म्हणजे घाण, आणि घाण म्हणजे माहेरपर्यंत जाणारी गोष्ट. शनिवारी मॅडम येणार म्हणून शुक्रवारीच सगळा लेआउट बरण्या घासायला बसत असे.

म्हणून एका संध्याकाळी तिने नत्थूजींच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. दिवसभराच्या उन्हाने आणि त्या पावडरीने ती वैतागलेली होती.

"हे नीट ऐका," ती म्हणाली. "डेंग्यूचा डास घाणीत राहत नाही. तो गटाराकडे फिरकतसुद्धा नाही. त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. त्यामुळे तुमच्याकडे अंडी सापडली, तर तुमचं घर घाण आहे असं मुळीच होत नाही. उलट…"

इथे ती थांबली. 'उलट'च्या पुढे म्हणण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. तिचं वाक्य लेआउटने आपापल्या घरी जाऊन पूर्ण केलं.

पुढच्या शनिवारी एकही बरणी घासलेली नव्हती. कौशल्याबाई दारातच उभ्या होत्या.

"पाह्य," त्या म्हणाल्या, आणि या वेळी आवाज भिंतीपलीकडे जाईल इतका मोठा होता.

बरणीत अळ्या वळवळत होत्या. इतक्या, की पाणी स्वतःच हलतंय असं वाटावं. उत्तराने पट्टी काढून उजेडात धरली. पट्टीवर एकही अंडं नव्हतं, अंड्याचं टरफलही नव्हतं. पाळणा भरलेला आणि घरात बाळंतीण नाही, असा तो प्रकार होता.

"काकू, हे कुठून आणलं?"

"आणतो कायले? आमच्याच घरचे हायेत."

"घरात कुठले?"

"कूलरातले," कौशल्याबाई म्हणाल्या. उन्हाळा संपल्यापासून त्यांचा कूलर मागच्या व्हरांड्यात टाकीतल्या पाण्यासकट उभा होता. "पण कूलरात नळाचंच पाणी हाय हो. एकदम साफ."

उत्तराने समजावलं की असं ओतलेलं मोजता येत नाही. मादी स्वतः येऊन अंडी घालते, तेवढंच मोजायचं असतं. कौशल्याबाईंनी मान डोलावली आणि विचारलं, "पण सिंधूताईपेक्षा जास्त हायेत ना?"

सिंधूताईंच्या बरणीतही अळ्या होत्या. उत्तरा वाकली, आणि तिच्या तोंडून सवयीने खरं तेच गेलं. "या डेंग्यूच्या डासाच्या नाहीत. यांची श्वासनळी बघा, कशी लांब आहे. हा क्युलेक्स. हा घाण पाण्यात होतो."

भिंतीपलीकडून कौशल्याबाईंचा आवाज आला. "म्हणजे नालीतले?"

सिंधूताई हळूहळू उभ्या राहिल्या. "आमचे नालीतले, अन् तुमचे काय गंगेतले हायेत?"

"म्या कुठं काय म्हटलं? मॅडम म्हणून राह्यल्या."

"मॅडम म्हणतीन. दर शनिवारी मॅडमले चहा कोण पाजते?"

उत्तराने क्युलेक्सबद्दल आणखी दोन चांगली वाक्यं सांगून पाहिली, पण क्युलेक्सबद्दल चांगलं सांगण्यासारखं फारसं नसतं. सिंधूताईंनी बरणी तिच्या हातातून घेतली, नालीत रिकामी केली आणि म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी या. मग पाहू कोणाकडे काय निघते ते."

त्यानंतर जे सुरू झालं, ते थांबवणं उत्तराच्या हातात राहिलं नाही. लेआउटमधले सगळे कूलर उपसले गेले. पाणी चहाच्या गाळणीतून गाळायचं, अळ्या बरणीत, पाणी नालीत. कूलर संपल्यावर फ्रीजच्या मागच्या पाण्याचे ट्रे निघाले. ते तिथे असतात हे कित्येक घरांना पहिल्यांदाच कळलं. मग गच्चीवरच्या फुटक्या कुंड्या, पडवीतले टायर, पक्ष्यांसाठी ठेवलेली भांडी. नत्थूजींनी तर समितीची बैठक बोलावली आणि समाजभवनामागची उघडी टाकी वर्गणीदारांत घरोघर सारखी वाटून दिली.

"काका, मला खरंच नकोय हे," उत्तरा म्हणाली.

"तुम्ही शिकलेल्या लोकायचं हेच असते," नत्थूजी म्हणाले. "भिडस्त. तुमचे सर येऊन राह्यले, बरण्या रिकाम्या कशा दाखवता? लेआउटची काही इज्जत हाय का नाही?"

अंडी पट्टीवरच हवीत हेही ती एकदा सांगून बसली होती. ते कौशल्याबाईंनी लक्षात ठेवलं. मादी ओल्या कडेला अंडी चिकटवते, म्हणजे कूलरच्या कडेलाही असणारच, असा त्यांनी बरोबर तर्क केला, यजमानांच्या टूथब्रशने कूलरच्या चारही भिंती खरवडल्या, आणि निघालं ते सगळं पट्टीवर थापलं. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याजवळ ही युक्ती फुटली. तिसऱ्या दिवशी लेआउटमध्ये न खरवडलेला कूलर राहिला नाही.

उत्तरा दर शनिवारी त्या सगळ्या अळ्या गोळा करून प्रयोगशाळेत नेई आणि गरम पाण्यात टाकून मारी. वहीत भरण्यासारखं तिच्याकडे काहीच नव्हतं. घरी आई विचारी, "कसं चाललंय काम?" ती म्हणे, "लोक फार मदत करतात." यावर आई समाधानाने झोपायला जाई.

ऑगस्टच्या मध्याला बरण्यांमधल्या अळ्या कमी झाल्या. पुढच्या आठवड्यात नुसतं पाणी राहिलं. उत्तराला वाटलं, अखेर लोक थकले, आता नव्याने अंडी येतील. तिने पट्ट्या बदलल्या, हात लावू नका म्हणून दारोदार विनवलं, आणि या वेळी खरोखरच कोणी हात लावला नाही. पट्ट्या तरीही कोऱ्या आल्या. संध्याकाळी ती नत्थूजींच्या दारात चांगली उभी राहिली. तिला एकही डास चावला नाही.

सर यायच्या दिवशी सकाळीच महापालिकेचा तपासणीचा माणूस आला. बॅटरी घेऊन तो घराघरांत फिरला आणि जाताना दारांवर हिरवे स्टिकर लावत गेला. कौशल्याबाईंनी त्यांच्या स्टिकरवरचं वाचलं: 'या घरात डासांच्या अळ्या आढळल्या नाहीत.'

"थांबा भाऊ," त्या म्हणाल्या. "पुन्हा एकदा पाहा."

"पाहिलं ना बाई. काही नाही."

"फ्रीजच्या मागं पाहिलं?"

"पाहिलं."

"मागच्या महिन्यात भरपूर होत्या. यायले विचारा," त्यांनी यजमानांना पुढे केलं. यजमानांनी मान डोलावली. टूथब्रशच्या प्रकरणापासून ते फारसं बोलत नसत.

तपासणीच्या माणसाने बॅटरी बंद केली. "बाई, लोक मले अळ्या सापडल्या म्हणून भांडतात," तो म्हणाला. "तुम्ही कायले भांडून राह्यल्या?"

"स्टिकर लावायचंच असन तं मागच्या दाराले लावा," कौशल्याबाई म्हणाल्या. "इकडून सिंधूताईले दिसते."

डॉ. देवतळे हे सगळं फाटकापाशी उभे राहून ऐकत होते. ते उत्तराबरोबर प्रत्येक घरी गेले, बरणीत पाहिलं, पट्टी उजेडात धरली, कूलरमध्ये हात घालून कडेवरून बोट फिरवलं. मग दोघं नत्थूजींच्या घरी बसले. नत्थूजी पहाटेच कुठेतरी गेले होते, येतीलच असं त्यांच्या सुनेने सांगितलं आणि तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, घातलेले पोहे समोर ठेवले.

"आता सांग," सर म्हणाले.

उत्तराने सांगितलं. तिने काही लपवलं नाही, 'उलट'सुद्धा नाही. पोहे थंड होत गेले.

"म्हणजे ऑगस्टअखेर आहे, पाऊस चालू आहे, आणि या लेआउटमध्ये डेंग्यूचा डास नाही."

"नाही सर."

"फवारणी?"

"झाली नाही."

"औषध?"

"काकांची पावडर. पण ती एकाच बरणीत होती."

सरांनी पोह्यांची बशी बाजूला सरकवली. उत्तराने मनातल्या मनात नोकरीच्या जाहिराती चाळायला सुरुवात केली.

"हे आपण बरीच वर्षं लोकांना पत्रकं वाटून सांगतोय," सर म्हणाले. "कूलर रिकामा करा, कडा घासा, फ्रीजचा ट्रे बघा. कोणी करत नाही. इथे सगळ्या लेआउटने केलं, आणि स्पर्धा लावून केलं. अंडी किती हे विसर. ती गेली कशी, हा तुझा विषय. मुदतवाढ मी मागतो."

"देतील?"

"देतील. एकच बघ. हे टिकतं का, ते दाखवावं लागेल. आजपासून महिनाभर इथला आकडा शून्यच राहिला पाहिजे. बाहेरून काही येता कामा नये. तेवढं सांभाळ."

उत्तराने चमचा उचलला. पोहे थंड होते, तर्री गोठली होती, आणि जूनपासून इतकं चांगलं तिने काही खाल्लं नव्हतं.

तेवढ्यात नत्थूजी आत आले. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात दुधाची मोठी कॅन. सरांना पाहून त्यांनी कॅन खाली ठेवली आणि हात जोडले.

"माफ करा सायेब, उशीर झाला. पारशिवनीले गेलो होतो, साळ्याच्या वावरात."

"काही काम होतं?"

"हिच्यासाठीच ना," नत्थूजींनी उत्तराकडे मायेने पाहिलं. "पोरगी हप्ताभर तोंड पाडून फिरून राह्यली. म्हटलं, आपल्याकडचे संपले तं संपले, पोरीचं शिक्षण कायले अडलं पाहिजे? साळ्याच्या वावरात सिमेंटचं टाकं हाय. पाणी कसं, आरशासारखं. नालीचा संबंध नाही."

सरांनी कॅनकडे पाहिलं. मग अगदी शांतपणे विचारलं, "झाकण घट्ट आहे ना?"

"आता कायले लागते झाकण? रिकामी हाय." नत्थूजींनी कॅन उलटी करून दाखवली. "तुम्ही इथं बसले, तवर मागच्या गल्लीनं घरोघरी वाटून आलो. कोणाले कमी पडू देलं नाही." ते खुर्चीत बसले आणि आत पाहून सुनेला म्हणाले, "पोहे उरले का गं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"उद्यापासून धरू," ते म्हणाले.

उत्तरा बाहेर पडली तेव्हा तिच्या एका हातात बादली होती आणि दुसऱ्या हातात नत्थूजींच्या सुनेची चहाची गाळणी. पहिल्याच दारात कौशल्याबाई उभ्या होत्या. त्यांनी बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, आणि सकाळपासून पडलेलं तोंड आता उजळलं होतं.

"काकू, ती बरणी द्या. लवकर."

"देतो ना वं, पोरी," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि बरणी आणखी घट्ट धरली. "पण आधी सरायले बोलाव. अन् येताना त्यायले सिंधूताईच्या आंगणातून आण."